मार्केट यार्डातल्या दिवाणजी काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

बी.कॉम.च्या संख्याशास्त्रात मी दोनदा नापास झाले. सिग्माचं चिन्ह (Σ, बेरजेची खूण) दिसलं की हातपाय गळायचे. त्या दुपारी बाबांबरोबर गुळाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, न्यायला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आले, तेव्हाही वही हातात होती. सौदे उरकले होते. तुम्ही वही मागितलीत, सिग्मावर बोट ठेवलंत नि विचारलंत, "ह्यो काय म्हणतोय?" मला सांगता येईना.

मग तुम्ही तुमची चोपडी माझ्याकडे फिरवलीत. "अनुक्रमांक ३ पासनं ७ पर्यंत गुळाच्या रव्यांची वजनं वाच." ३०, २९, ३१, ३०, २८. "बेरीज?" १४८. "झालं की! ह्या सिग्माच्या खालचा आकडा म्हंजे कुठनं सुरू, वरचा म्हंजे कुठं थांबायचं. एक्सच्या पायाशी बसलेला आय म्हंजे ओळीचा नंबर." सातातून तीन वजा करून मी कायम चारच पदं लिहायची. त्या पानावर मात्र पाच वजनं समोर होती.

"धर, दर ओळीला हमाली ५ रुपये. सात ओळींची किती?" पस्तीस. स्थिर संख्येपुढे सिग्मा आला की मी नुसतं ५ लिहून मोकळी व्हायची. किती मार्क घालवले त्यात!

आणि वजन गुणिले दर. २ क्विंटल ४००० नं, ३ क्विंटल ३५०० नं. ओळीओळीनं गुणून मग बेरीज केली तर १८,५००. मी आधी वजनांची बेरीज केली, दरांची केली नि गुणाकार केला: ३७,५००. तुम्ही रागावला नाहीत. "अशी पट्टी केलीस तर अडत्याचं दुकान बुडंल, पोरी," एवढंच म्हणालात. वर्गांच्या बेरजेला बेरजेचा वर्ग समजण्याची माझी खोडही तिथंच सुटली. २, ३, ४ घेतले तर वर्गांची बेरीज २९ येते, बेरजेचा वर्ग ८१.

सिग्माची ही खूण ऑयलर या गणितज्ञानं १७५५ मध्ये वापरली, असं नंतर वाचलं. मला ती भेटली तुमच्या चोपडीत, गुळाच्या वासात.

काका, मी पास झाले. पेढे बाबांबरोबर पाठवले होते, पण त्यानं माझं समाधान झालं नाही, म्हणून चारचौघांत हे लिहितेय. दिवाळीनंतर आमचं गुऱ्हाळ पेटलं की पहिल्या खेपेला मीही येणार आहे. त्या दिवशीच्या पट्टीची बेरीज मला करू द्या.

तुमची,
गुऱ्हाळवाल्यांची थोरली