विषय : पत्रकाच्या पान 7 वरची 'विक्रांत' कुठे आहे, ते लेखी कळवा

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग
आपली सीताबर्डी शाखा, नागपूर

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवेला केलेला चौथा फोनही वाया गेला, म्हणून हे पत्र लिहितो आहे. बुकिंगचा तपशील तुमच्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीतली मुंबईची सागरी सहल, पाच माणसं, माणशी 14,500 प्रमाणे 72,500 रुपये, सगळे आगाऊ भरलेले. कार्यक्रम तुम्हीच आखलेला असल्यामुळे तो पुन्हा सांगत बसत नाही. फक्त पत्रकाचं पान 7 उघडून समोर ठेवा. त्यावर अर्धं पान भरून विमानवाहू जहाजाचा फोटो आहे आणि खाली ठळक अक्षरांत छापलंय, 'मंगळवार : विक्रांत युद्धनौका संग्रहालय, दोन तास'.

ते संग्रहालय अस्तित्वात नाही. 2001 पासून लोकांना ते पाहता येत होतं. 2012 मध्ये जहाज धोकादायक झालं म्हणून बंद केलं. 2014 मध्ये जहाज भंगारात विकलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखाना भागात, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, तोडायला घेतलं. तेव्हा हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. मुंबईच्या सहली विकून पोट भरणाऱ्या कंपनीला हे इतक्या वर्षांत कळलं नाही, हे मला पटत नाही. आणि खरंच कळलं नसेल, तर ते आणखी वाईट.

माझे वडील 77 वर्षांचे आहेत. अठराव्या वर्षी नेव्हीत गेले, स्टोकर म्हणून, म्हणजे बॉयलर सांभाळायला. 1971 च्या युद्धात ते विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये होते. चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले, त्यामुळे जहाज पूर्ण वेगाने जाऊ शकत नव्हतं, आणि वेग नसला की डेकवरून विमान उडवणं अवघड. तशाच अवस्थेत तिला बंगालच्या उपसागरात नेली आणि 4 डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. बाबांनी त्यातलं एकही विमान उडताना पाहिलं नाही. ते खाली होते, वाफेच्या काट्यावर नजर ठेवून. पुढे नेव्ही सोडल्यावर कोराडीच्या वीज केंद्रात लागले, तिथेही बॉयलरच. कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात नातवंडांना नेलं की अजूनही वाफेच्या इंजिनासमोर उभं राहून अर्धा तास समजावून सांगतात.

हे सगळं तुमच्या शाखेतल्या मुलाला मी बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. कारण पत्रक पाहिल्यावर बाबा पहिल्यांदा हेच म्हणाले होते, "अरे, ती कुठे आहे आता? तोडली तिला." मग चष्मा लावून फोटो नीट बघितला आणि जहाजाच्या पुढच्या टोकावर बोट ठेवलं. "हा चढ आमच्या वेळी नव्हता. हॅरियर विमानांसाठी मागाहून लावला." एवढ्या बारकाईने ओळखणारा माणूस सांगत होता, म्हणून मी मुद्दाम तुमच्या शाखेत येऊन विचारलं. तुमच्या मुलाने कॉम्प्युटरकडे बघून सांगितलं, "सर, काही भाग जतन करून ठेवलाय, परत सुरू झालंय. आमच्या मागच्या ग्रुपनेही पाहिलं." मी घरी जाऊन बाबांना म्हटलं, "तुम्हाला जुनी बातमी माहीत आहे, आता परत सुरू केलंय." ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री त्यांनी कपाटातून त्यांचं जुनं सर्व्हिस बुक काढलं. ते त्यांनी बॅगेत घेतलं होतं.

मी माझ्या वडिलांपेक्षा तुमच्या काउंटरवरच्या माणसावर जास्त विश्वास ठेवला. तुमच्यावर माझा खरा राग आहे तो यासाठी. पैशांचं नंतर बोलू.

विदर्भ एक्सप्रेसने रविवारी सकाळी पोचलो. रविवारी गेटवे, मरीन ड्राइव्ह वगैरे झालं, त्याबद्दल तक्रार नाही. सोमवारी घारापुरी. महोदय, घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. हा नियम काही त्या आठवड्यापुरता नव्हता. नागपुरात आमचा अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, सोमवारी बंद असतो हे शाळेतल्या पोरांना ठाऊक असतं, आणि तुम्ही छापील कार्यक्रमात सोमवारी लेणी घातलीत. सकाळी नऊला पस्तीस माणसं गेटवेच्या धक्क्यावर उभी. तुमचा गाइड इकडून तिकडे फोन करत होता. शेवटी अर्ध्या तासाची हार्बर राइड करवली आणि म्हणाला, 'घारापुरीच्या बदल्यात हे.' घारापुरीला लाँचने जायलाच एक तास लागतो. अर्ध्या तासात धक्का नजरेआड होत नाही.

खरं सांगायचं तर बाबांना ती राइड आवडली. लाँचच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि गोदीच्या बाजूला उभ्या करड्या जहाजांकडे बघून नातवाला काहीतरी सांगत होते. इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. मला वाटलं, उद्याचा दिवस तर चांगला जाईल.

मंगळवारी बस हॉटेलवरून निघाली. फोर्टातून जाताना नौदल गोदीच्या लायन गेटजवळ गाइडने माइक घेतला आणि म्हणाला, "डाव्या हाताला बघा, हे विक्रांत." तिथे चौकात एक स्मारक आहे. विक्रांत तोडल्यावर तिच्याच लोखंडापासून केलेलं, 2016 मध्ये उभारलेलं. म्हणजे विक्रांतचं म्हणून त्या गावात जे काही खरं उरलंय, ते तिथे आहे. बस थांबली नाही. सिग्नल सुटलेला होता. बाबा जागेवरून उठले, पुढच्या सीटचा दांडा धरला आणि म्हणाले, "इथे थांबवा." गाइड म्हणाला, "काका, बसा बसा, इथे स्टॉप नाही प्रोग्राममध्ये." बस पुढे गेली. मग दोन तासांचं काय, असं मी विचारल्यावर आम्हाला एका मॉलमध्ये सोडलं. मॉल नागपुरात आहेत. ते बघायला रात्रभर गाडीत बसून कोणी मुंबईला येत नाही.

बाबा त्या मॉलमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाकावर दोन तास बसून होते. बॅग मांडीवर.

बुधवारी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. ते बुधवारी बंद असतं. शेजारची राणीची बागही बुधवारी बंद. माझी मुलगी नववीत आहे, तिने शाळेच्या प्रकल्पासाठी मुद्दाम घारापुरीचा विषय घेतला होता. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती इंग्लंडला न्यायला उचलताना पडून फुटला आणि नंतर तुकडे जोडून भायखळ्याच्या त्या बागेत उभा केलाय. मूळ बेट सोमवारी आणि हत्ती बुधवारी, असं तिने वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. सोमवारी तिथे बंद, बुधवारी इथे बंद. एका आठवड्यात दोन ठिकाणं आणि दोन्ही नेमकी सुट्टीच्या दिवशी! सोमवार-बुधवारची नुसती अदलाबदल केली असती तरी मुलीचा प्रकल्प झाला असता. कार्यक्रम आखणाऱ्याने एक फोन केला असता तर पुरे होतं.

आता कालच्या फोनबद्दल. याआधीचे तीन फोन 'वरिष्ठांना कळवतो' म्हणून संपले. काल तेवीस मिनिटं तुमची ती धून ऐकल्यावर एक बाई बोलल्या. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण बाबा समोर बसले होते आणि निदान आज कोणीतरी दिलगिरी व्यक्त करेल, ती त्यांनी ऐकावी असं मला वाटलं.

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, सिस्टीममध्ये टूर पूर्ण दाखवतेय. गाइडच्या शीटवर 'विक्रांत भेट' ला टिक आहे."

मी म्हटलं, "ताई, ते जहाजच नाहीये. भेट कशी होईल?"

"सर, त्या दिवशी जहाज समुद्रात गेलं असेल. नेव्हीचं शेड्यूल आमच्या हातात नसतं."

मी सांगितलं की 2022 मध्ये कोचीला नौदलात दाखल झाली ती नवी विक्रांत. ती लढाऊ जहाज आहे, संग्रहालय नाही. तुमच्या पत्रकात फोटो आहे जुन्या विक्रांतचा, आणि ती 2014 मध्ये भंगारात गेली. त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सर, तुम्हाला हे माहीत होतं तर तुम्ही बुकिंग का केलं?"

मी सीनियरशी बोलायचंय म्हटलं. फोन एका गृहस्थांकडे गेला. त्यांनी आवाज अगदी मऊ ठेवून विचारलं, "सर, तक्रार तुमची आहे की वडिलांची?" मी म्हटलं दोघांची. ते म्हणाले, "नाही, काय आहे ना सर, सिनियर सिटिझनच्या बाबतीत आम्हाला असा अनुभव येतो. दाखवलेलं असतं, पण वय झालं की लक्षात राहत नाही. तुम्ही त्यांना शांतपणे विचारून बघा ना, आठवेल त्यांना. आणि पुढच्या टूरसाठी मी तुम्हाला पाचशे रुपयांचं कूपन देतो."

बाबांनी ते ऐकलं. ते काहीच बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले आणि तिथली कुंडी उगाच इकडची तिकडे सरकवत राहिले.

साहेब, ज्या माणसाला पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी कोणत्या बॉयलरला तडा होता हे आठवतं, ज्याने तुमच्या पत्रकातला फोटो बघून जहाजाचा कुठला भाग मागाहून बसवला ते सांगितलं, ज्याने तुमच्या सबंध कंपनीच्या आधी सांगितलं की ते जहाज तोडलंय, त्याला तुम्ही विसरभोळा ठरवलंत. विसरलात तुम्ही. तुमच्या कंपनीत पत्रक लिहिणाऱ्यापासून टिक करणाऱ्या गाइडपर्यंत एकाच्याही लक्षात आलं नाही की आपण जे विकतोय ते शिल्लक नाही. आणि जी भेट झाली नाही तिच्यापुढे टिक करणं याला आमच्याकडे खोटं लिहिणं म्हणतात.

बुधवारी भायखळ्याला कुलूप बघितल्यावर आम्ही ग्रुप सोडला आणि टॅक्सी करून पुन्हा लायन गेटला गेलो. समोरच्या फुटपाथवर बाबा उभे राहिले. पंधरा मिनिटं. सर्व्हिस बुक बाहेर काढलं नाही, बॅगेवर हात ठेवून उभे होते. नातवाने विचारलं, "आजोबा, यातलं तुमच्या बॉयलरचं लोखंड कुठलं?" ते म्हणाले, "असेल कुठेतरी." हे तुमच्या बसला पाच मिनिटांत करता आलं असतं, आणि आमच्यासोबतच्या पस्तीस माणसांनाही ते कळलं असतं. टॅक्सीची पावती जोडली आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. तीन दिवसांतले घारापुरी, विक्रांत आणि भायखळा हे तीनही मुख्य कार्यक्रम झाले नाहीत, म्हणून निम्मी रक्कम, म्हणजे 36,250 रुपये, परत करा. कूपन नको. ते पत्रक मागे घ्या. परवा मी सीताबर्डीला आलो होतो, तुमच्या काउंटरवर अजून तोच गठ्ठा ठेवलेला आहे आणि एक कुटुंब पान 7 उघडून बसलं होतं. मी त्यांना सांगितलं. तुमच्या माणसाला ते आवडलं नाही, पण मी आलो की प्रत्येक वेळी सांगणार. गाइडच्या त्या शीटची प्रत मला द्या.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी दोन्ही येतात. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आणि दोन वर्षांची मुदत माझ्याकडे आहे. पत्रक, पावत्या, कार्यक्रमाचा कागद, चारही फोनच्या तारखा, सगळं फाइल करून ठेवलंय. धमकी समजायची असेल तर समजा.

आमच्या घरातली ही तुमच्याकडची तिसरी सहल होती. आई होती तेव्हा तिला तुमच्याचकडून काशीला नेलं होतं आणि तेव्हाच्या तुमच्या माणसाने स्टेशनवर तिची बॅग स्वतः उचलली होती. म्हणून या वेळी दुसरीकडे चौकशीही केली नाही.

एक शेवटचं. माफीचं पत्र माझ्या नावाने पाठवू नका. ते बाबांच्या नावाने पाठवा, त्यांचं नाव बुकिंगमध्ये पहिलंच आहे. आणि त्यात लिहा की विक्रांत तोडली गेली हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. फोन करू नका, फोन आता मी उचलणार नाही.

आपला,
सीताबर्डी शाखेचा ग्राहक
त्रिमूर्ती नगर, नागपूर

सोबत : पत्रकाचं पान 7 (झेरॉक्स), पैसे भरल्याची पावती, टॅक्सीची पावती