चिमणीचा डोळा आणि एक भिंत

महोदय,
सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना जुन्या एक्स-रे फिल्मवर चिमणीचा स्टेन्सिल, म्हणजे रंग थोपटण्यासाठीचा आरपार छापा, कापायला दिला. पहिल्याच फटक्यात तिचा डोळा निसटून पडला! मधला तुकडा टिकवायला बारीक सांधा ठेवावा लागतो, हे मुलांना तिथेच कळले. मग फिल्म कुंपणाच्या भिंतीवर चिकटवून स्पंजने रंग थोपटला. रंग पातळ झाला की कडेखाली झिरपतो, हेही कळले. रांगोळीचे छापे त्यांच्या ओळखीचे. तीच युक्ती वापरून ब्लेक ल रा या कलावंताने १९८१ पासून पॅरिसच्या भिंतींवर उंदीर रंगवले, हे ऐकून सगळी हरखली. पालिकेने प्रत्येक प्रभागात एक भिंत मुलांना द्यावी. स्प्रेचे डबे नकोत, जलरंग पुरेत.

— एक पालक, ठाणे