उजवी बाजू

पुणे

ती. आई आणि बाबा,
सा. न.

माझं ऑपरेशन झालं. व्हायचं आहे असं नाही, झालंसुद्धा. घरी आहे, जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी निघाली आहे, दोन्ही वेळ नीट जेवते आहे. गाठ नव्हती, कॅन्सर नव्हता, मावशीचं जे झालं त्यातलं काहीही नव्हतं. हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण आई पहिली ओळ ऐकून उठेल आणि देवापुढे जाऊन बसेल. आई, बस इथेच. निरांजन नंतर लाव.

छातीतलं उजव्या बाजूचं जुनं इम्प्लांट काढलं आणि त्या जागी लहान बसवलं. बाबा, तुम्ही हे मोठ्याने वाचत असाल आणि इथे येऊन चष्मा पुसायला घेतला असेल. लाजायचं काही कारण नाही. २००२ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांना सगळे प्रश्न तुम्हीच विचारले होते, वहीत लिहून नेले होते. आई आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो होतो.

तुम्हाला आधी कळवलं नाही ते ठरवून. तुम्ही बेळगावला लग्नाला जाणार हे कळल्यावर तीच तारीख घेतली. नाहीतर तुम्ही लग्न टाकून आला असतात. बाबांचं हृदय, आईचे गुडघे, आमचा तिसरा मजला आणि आमची ती लिफ्ट. तुम्ही दोघं ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेले मला दिसत राहिले असते, तर भूलही चढली नसती. जावईबापू होते. दोन दिवस रजा काढतो म्हणाले आणि पूर्ण आठवडा घरी राहिले. मला ते जरा जास्तच झालं, पण ते असो.

दिवाळीनंतर बाबांकडून हिरव्या फाइलमधल्या इम्प्लांटच्या कार्डाचा फोटो मागवला होता, तो यासाठीच. त्यावरचं माप आणि नंबर सर्जनना हवा होता. बाबांच्या फाइलींना आम्ही भावंडं किती हसलो असू. सर्जन मात्र ते कार्ड बघून खूश झाले. इतकी जुनी कार्डं लोक हरवून बसतात, म्हणाले. तेव्हा फाइलीवरून आता कुणी काही बोलणार नाही, दादासुद्धा.

का केलं ते सांगते. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. शरीर त्याच्याभोवती स्वतःच एक पातळ आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. ते प्रत्येकीचंच होतं, त्यात वाईट काही नाही. माझं मात्र गेल्या काही वर्षांत आवळत गेलं, कडक झालं. उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं. मग एमआरआयमध्ये दिसलं की आतलं सिलिकॉनचं कवचच फाटलंय. जेल आवरणाच्या आतच राहिलं होतं, बाहेर कुठे पसरलं नव्हतं. फाटल्याचं दुखत-बिखत नाही, बाहेरून कळतही नाही, म्हणून तर मुद्दाम तपासून घ्यावं लागतं. बाबा, २०१९ मध्ये खडबडीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट जगभरातून परत मागवली, तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण पाठवलं होतंत. माझं गुळगुळीत होतं, त्यामुळे त्या यादीत नव्हतं. पण तपासत राहायचं हे डोक्यात बसलं ते त्या कात्रणामुळेच.

म्हणजे काढणं भागच होतं. लहान बसवायचं हे मात्र मी ठरवलं. जुनं ३३० सीसीचं होतं, नवं २२० चं आहे. सिलिकॉन जेलचं वजन जवळपास पाण्याइतकंच असतं, तेव्हा हिशेब बाबा करतीलच: एका खांद्यावरून शंभर ग्रॅमहून थोडं जास्तच ओझं उतरलं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण मानेला विचारा. इतर बायकांच्या इम्प्लांटवर छातीच्या मोठ्या स्नायूचं पांघरूण घालता येतं. माझ्याकडे तो स्नायू जन्मापासूनच नाही, नुसती कातडी. जड इम्प्लांटने ती आणखी ताणली जात होती. वरच्या कडा दिसायला लागल्या होत्या, वाकलं की सुरकुत्या उमटायच्या. त्यात साखरेच्या धास्तीने मी वजन उतरवलं, तशी डावी बाजू वयाप्रमाणे, वजनाप्रमाणे बदलली. उजवी २००२ मध्येच राहिली. आता कडा झाकायला पोटावरची थोडी चरबी काढून तिथे भरली आहे. (पोटावरची कमी पडली नाही, आई. तू म्हणतेस तितकी मी वाळलेली नाही.)

तेव्हा मोठं घेतलं ते चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही. तेव्हाचं माप तेव्हाच्या डावीला जुळवून घेतलेलं होतं. स्थळं बघायला सुरुवात होणार होती, पोह्यांच्या बशा धरून उभं राहायचं होतं, आणि साडीतून कुणाला काही कळू नये एवढंच तुम्हाला हवं होतं. मलाही तेच हवं होतं. बाबांनी पीएफमधून पैसे काढले आणि घराचं वरचं बांधकाम राहिलं ते राहिलंच. त्या इम्प्लांटमुळे मी पोहायला शिकले, मान खाली न घालता ऑफिसात वावरले. त्याने आपलं काम चोख केलं. आता मी पन्नाशीकडे चालले आहे. मला कुणासमोर बशा धरायच्या नाहीत. झोप लागावी, मान दुखू नये, ब्लाउज दोन्ही बाजूंनी सारखा बसावा, एवढं बस झालं.

पैशांचं म्हणाल तर आमचे आम्ही भरले. बाबा, एफडी मोडायची नाही. मोडलीत तर मी पैसे परत पाठवीन आणि मग आठवडाभर दोघं रुसून बसू.

आई, आता हे तुझ्यासाठी, आणि बाबांनी न अडखळता वाचावं. भूल देण्याआधी सर्जननी विचारलं, हे जन्मापासूनचं ना? आणि मला तुझा चेहरा आठवला. मोठी आजी गेली, तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, पण ग्रहणात विळी घेतली हे वाक्य ती गेल्यावरही आपल्या घरात राहिलं. तू कधी उलटून बोलली नाहीस, पण माझ्या मुलीच्या वेळी प्रत्येक ग्रहणाची तारीख मला फोन करून सांगायचीस. म्हणून मी हिशेब केला आहे. तो बाबांनी तपासावा.

ग्रहण १६ फेब्रुवारी १९८० ला झालं, शनिवारी, दुपारी. कारवारकडे खग्रास आणि आपल्याकडे खंडग्रास. माझा जन्म जूनअखेरचा. म्हणजे ग्रहणाच्या दिवशी तुला पाचवा महिना चालू होता. माझं जे आहे त्याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये शिकणाऱ्या आल्फ्रेड पोलंडने १८४१ मध्येच त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. ते बहुतेक वेळा उजव्या बाजूलाच असतं आणि कित्येकदा हाताची बोटंही त्याच बाजूची आखूड राहतात, माझ्यासारखीच. डॉक्टर मानतात ते असं की गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात त्या बाजूच्या रक्तवाहिनीतून पुरवठा कमी पडतो आणि तो स्नायू धरतच नाही. सहावा आठवडा म्हणजे नोव्हेंबर १९७९. दिवाळीचा फराळ नुकता संपला असेल, तुला दिवस गेल्याची अजून धड खात्रीही नसेल. तू विळी हातात घेतलीस तोवर माझा उजवा हात, माझी छाती, सगळं कधीच घडून गेलं होतं. त्या दिवशी तू अख्खा भोपळा चिरला असतास तरी काही बदललं नसतं. पिढीजातही नसतं हे बहुतेक, म्हणून नातीची काळजी करू नकोस. तिला तपासून झालंय, दोन्ही बाजू सारख्या आहेत आणि दोन्ही हातांनी फोन धरून बसते.

तुझ्या हातून झालं असेल तर एवढंच: माझ्या प्रत्येक पोलक्याला उजव्या बाजूने आतून बाबांच्या जुन्या धोतराच्या घड्या शिवल्यास. रोजच्या कपड्यांना वेगळ्या, गॅदरिंगला वेगळ्या, धुतल्यावर गोळा होऊ नये म्हणून आडवे टाके घालून. कासारीण आली की मी पुढे यायच्या आधीच तिच्या कानात सांगायचीस, उजव्या हाताला एक माप लहान दे. वर्गात कुणाला कधी कळलं नाही. मला आत्ता हे लिहिताना रडू येतंय, आणि रडायला मनाई आहे, हुंदका आला की टाके ओढतात. तेव्हा पुढे जाते.

माझी सोय अगदी उत्तम आहे. सहा आठवडे पुढून चेन असलेली घट्ट सर्जिकल ब्रा, रात्रीसुद्धा. पोटावर बाळंतिणीसारखा पोटपट्टा. पाठीवरच झोपायचं, डोकं-खांदे उंचावर, म्हणून तुझ्या हातच्या दोन्ही गोधड्या पाठीमागे रचल्या आहेत. ड्रेन होती तोवर तुमचे जावई रोज सकाळी किती एमएल आलं ते वहीत मांडायचे. तीस एमएलच्या खाली उतरलं आणि काढली. बाबांची वही बघून शिकले बहुधा. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्यामुळे वेणी नात घालते. वाकडी घालते. कुकर उचलायचा नाही, बादली नाही, स्कूटी नाही. मधूनच आत वीज चमकल्यासारखी कळ येऊन जाते. नसा जाग्या होतायत म्हणून तसं होतं, घाबरण्यासारखं नाही. थोडा भाग बधिर आहे, तो हळूहळू कमी होईल. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला काही महिने लागतील. सुट्टीत भेटाल तेव्हा लगेच निरखू नका.

पोळ्यांना बाई येतात, भाजी शेजारच्या काकू देतात. भूक लागते. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होईना, मग रात्री इसबगोल सुरू केलं, आता ठीक आहे. ऑपरेशनच्या आधी हळदीच्या कॅप्सूल बंद करायला लावल्या, रक्तस्राव वाढू शकतो म्हणे. फोडणीतली हळद चालते. सांगलीच्या घरातल्या मुलीला हळद बंद करा म्हणाले असते, तर मी ऑपरेशनच रद्द केलं असतं. पण आई, हळदीच्या दुधाचा रतीब आत्ता लावू नकोस. आणि डिंकाचे लाडू पाठवू नकोस. हे बाळंतपण नाही. बरं, पाठवलेसच तर थोडेच पाठव.

आता मी सांगते ते ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, दुपारी आठवली म्हणून दुपारी नाही. अंधार पडल्यावर स्कूटर बाहेर काढायची नाही, दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू झाल्याशिवाय तर नाहीच. माळ्यावर चढून माझ्या जुन्या एक्स-रेंचा गठ्ठा शोधायचा नाही. तुम्ही आत्ता मनात तेच ठरवलंत, मला माहीत आहे. सर्जनना ते नकोत.

आई, तुझी मॅमोग्राफी करायची आहे. मावशीनंतर मी किती वर्षं मागे लागले आहे. मिरजेला होते, वेळ मी घेते, दादा घेऊन जाईल. मी माझं दाखवलं, आता तू तुझं दाखव. सूनबाई आत येईल तुझ्याबरोबर, संकोच करू नकोस. आणि तिथे गेल्यावर गुडघेही दाखवून घे.

आत्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. खांद्याचं ऑपरेशन म्हणालात तरी चालेल, खांद्याचं दुखणं त्यातलंच होतं. खरं सांगितलंत तरी माझी हरकत नाही. फक्त ग्रहणाचा विषय निघाला तर आईने उठून स्वयंपाकघरात जायचं नाही. बाबांनी १६ फेब्रुवारी आणि नोव्हेंबर या दोन तारखा सांगायच्या.

लगेच निघू नका. सूज जरा उतरू दे, मी दार उघडायला स्वतः येईन अशी झाले की या. एसटीने अजिबात नाही, कोयना एक्स्प्रेसची तिकिटं मी काढून पाठवते, दिवसाउजेडी पोहोचाल. शिवणाची डबी घेऊन ये आई, सगळे ब्लाउज उजव्या बाजूने आत घ्यायचे आहेत आणि इथला शिंपी एका ब्लाउजला आठवडा लावतो. फोन सकाळी करा. दुपारी गोळी घेऊन मी झोपलेली असते, आणि फोन उचलला नाही की तुम्ही उगाच शेजारच्या काकूंना उठवता.

तुमची,
चिऊ