वारं नव्हतं, कानात नागीण होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या आरोग्य पानावर 'कूलरसमोर झोपल्याने तोंड वाकडे होते' असं वाचलं. जानेवारीत मलाही सगळ्यांनी वाऱ्याचंच नाव सांगितलं होतं. त्यात माझे पाच दिवस गेले, म्हणून हे पत्र.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर काम करतो. सोलापूरच्या गड्डा जत्रेतलं दारूकाम (आतषबाजी) बघून रात्री उशिरा घरी आलो आणि सकाळी डावा कान ठणकायला लागला. वारं लागलं म्हणून बायकोने लसणीचं तेल कोमट करून घातलं. दोन दिवसांनी कानाच्या आत मोहरीएवढे फोड आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर.

शेजारच्या आजींनी फोड बघून नागीण म्हटलं. खरं तर निदान त्यांनीच बरोबर केलं होतं! पण औषध म्हणून पाठवलं मंत्रवाल्याकडे. त्याने गेरू फासला आणि पाच दिवस यायला सांगितलं; नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, ही भीती वर.

कामावर मात्र लपलं नाही. मागात आडवं सूत नेणारा धोटा असतो; त्यातली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागतं. ओठच मिटेनात, नुसती हवा यायची. मागांची देखरेख करणाऱ्या जॉबरने ते पाहिलं आणि माग बंद करून मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी आधी कपाळाला आठ्या घालायला लावल्या. उजवीकडे पडल्या, डावीकडे कपाळ कोरं. मेंदूच्या झटक्यात सहसा कपाळ हलतं, म्हणाल्या. इथे चेहऱ्याची नसच सुजली आहे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या गाठीत वर्षानुवर्षं दबून राहतो आणि कधीतरी नागीण होऊन उठतो. ही नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोळातून जाते, सुजली की तिथेच आवळली जाते. याला रॅमसे हंट म्हणतात. पोराने मोबाइलवर गायक जस्टिन बीबरचा २०२२ चा व्हिडिओ दाखवला, त्यालाही हेच झालेलं. फोड न येता असंच तोंड वाकडं होतं तो बेल्स पाल्सी, तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो.

अ‍ॅसायक्लोव्हिर आणि स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर गुण जास्त, हे ऐकलं तेव्हा मी मनात दिवस मोजत होतो. मला शुगर आहे, स्टेरॉइडने ती वाढते, म्हणून रोज तपासणी. सगळ्यात जड गेला डोळा. तो मिटेना, आणि मागावर कापसाचा भुगा उडतच असतो. दिवसा थेंब आणि गॉगल, रात्री पापणीवर कागदी चिकटपट्टी. कारखान्यातली पोरं हिरो म्हणायची.

आता पाच महिने झाले. डोळा मिटतो, कानात शिट्टी वाजतेच. घास चावला की डावा डोळा आपोआप बारीक होतो. नस जुळताना तारा चुकल्या, असं डॉक्टरीणबाई सांगतात. सूत मी उजव्या कोपऱ्यानेच ओढतो.

विनंती एवढीच, की तोंड एका बाजूला गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर तासाचाही उशीर नको, हे त्याच पानावर ठळक छापा. आणि 'लकव्यावर एका दिवसात गुण' या छोट्या जाहिरातींकडेही एकदा बघा. कात्रण आमच्या कारखान्याच्या भिंतीवर मी डकवतो.

आपला,
एक यंत्रमाग कामगार, सोलापूर