जिऱ्याच्या जागी कुमिना घेऊ नकोस

एस्पो, रविवार

प्रिय मीनल,

फिनलंडला येण्याआधी किराण्याचे शब्द लिहून पाठव म्हणालीस. नुसती यादी पाठ करू नकोस, शब्द फोडायला शीक. आपल्या तत्पुरुष समासासारखं इथंही जोडशब्दात शेवटचं पद मुख्य असतं. याउहो म्हणजे पीठ, म्हणून वेह्नॅयाउहो गव्हाचं, ओहरायाउहो जवाचं. लेइपॅ म्हणजे पाव, रुइसलेइपॅ म्हणजे राय नावाच्या धान्याचा काळसर पाव. पाकिटावर इंग्रजी जे दिसला की य वाच. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.

या नियमाला फसवे शब्दही आहेत. वाल्कोसिपुली शब्दशः ‘पांढरा कांदा’, पण तो लसूण. मुनाकोइसोत मुना, म्हणजे अंडं, दिसलं तरी ते बिचारं वांगं आहे. पेरुनायाउहो हे बटाट्याचं पीठ नव्हे, निव्वळ स्टार्च. त्यानं कीसेली नावाचं फळांचं दाटसर पेय करतात. थंड पाण्यात कालवून बारीक धारेनं ओतायचं आणि पहिला बुडबुडा आला की उतरवायचं. पुढं उकळत ठेवलं तर ते चिकट, तार सुटलेलं होतं.

पोळ्यांसाठी साधा वेह्नॅयाउहो म्हणजे आपला मैदा. ग्राहामयाउहो कोंड्यासकट असतो, पण कोंडा जाडा, त्यामुळे नुसत्या त्याच्या पोळ्या कडेला फाटतात. दोन्ही 2-2 डेसिलिटर घे, साधारण दीड डेसिलिटर कोमट पाणी थोडं थोडं घालून मळ आणि अर्धा तास झाकून ठेव. तेवढ्यात कोंडा पाणी पितो. रव्यासाठी मान्नासूरिमो शोध. तो बारीक असतो, म्हणून उपमा गिचका होतो. आधी नीट कोरडा भाज आणि पाणी नेहमीपेक्षा कमी घाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुमिना म्हणजे जिरं नाही! दिसायला तसंच, नाव जिऱ्याच्या इंग्रजी ‘क्युमिन’च्या जवळचं, पण ते कॅरवे, वेगळाच मसाला. इथं पावात आणि चीजमध्ये घालतात. फोडणीत पडलं तर वरणाला रायच्या पावाचा वास येतो आणि तो जात नाही. जिऱ्याला यूस्तोकुमिना म्हणतात, शब्दशः ‘चीजचा कुमिना’. बहुतेक पाकिटांवर स्वीडिशही असतं, पण तिथंही हीच गोम: कुम्मिन म्हणजे कॅरवे, स्पिसकुम्मिन म्हणजे जिरं. हळद कुर्कुमा, आलं इन्किवॅरी, धणे कोरिआन्तेरी. वेलदोडा कार्देमुम्मा, तो तर इथल्या पुल्ला या गोड पावाचा जीव आहे, त्यामुळे कुठल्याही दुकानात मिळेल, बहुधा जाडसर भरडलेला. काकडीला कुर्क्कू म्हणतात, हळदीशी गल्लत करू नकोस.

दुधाच्या फडताळापाशी सावकाश वाच. तॅय्समाइतो सायीसकट, केव्य्तमाइतो कमी स्निग्धांशाचं, रास्वातोन म्हणजे स्निग्धांश काढलेलं. शेवटचं ‘तोन’ म्हणजे ‘-विरहित’. सोकेरितोन बिनसाखरेचं, माउस्तामातोन काही स्वाद न घातलेलं. लाक्तोसितोन दूध हे दूधच असतं, फक्त त्यात लॅक्टोज नसतं. माइदोतोन असेल तर दूध अजिबात नाही. दह्याच्या विरजणाला माउस्तामातोन योगुर्त्ती घे. वीली घेऊ नकोस. तीही आंबवलेल्या दुधाचीच, पण तिच्यातले जिवाणू चिकट तार तयार करतात, दही चमच्याला लोंबतं. पीमॅ मात्र जरूर घे. ते दाट, आंबट ताकच. पाणी घालून कढी छान होते. बेसन (किक्हेर्नेयाउहो) थंड पीमॅतच कालवायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर फाटतं.

शाकाहारासाठी घटकयादीत हे शब्द शोध: लिहा मांस, काना कोंबडी, नाउता गाय-बैल, सिका डुक्कर, कानानमुना अंडं, लीवाते जिलेटिन. शेवटचं दह्याच्या गोड डब्यांत आणि गोळ्यांतही लपलेलं असतं. अॅलर्जीचे पदार्थ ठळक ठशात छापतात, पण जिलेटिन त्यात धरत नाहीत, म्हणून पूर्ण ओळ वाच. नाव पुढच्या शब्दाला जोडलं की रूप बदलतं: नाउदान, सिआन. विनयला मासा आणायचा असेल तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ. सीका हा गोड्या पाण्यातला उत्तम मासा, सिका डुक्कर. एवढासा ‘इ’ लांबवला नाही तर भलतंच पुढ्यात येईल.

कृतीतली मापं: त्ल म्हणजे चहाचा चमचा, 5 मिलिलिटर, र्क्ल म्हणजे मोठा चमचा, 15. सुक्या यीस्टचं (कुइवाहीवा) 11 ग्रॅमचं पाकीट साधारण अर्धा लिटर द्रवाला पुरतं.

बॅगेत तूप, खवा, पेढे भरू नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. इथं वोई, म्हणजे लोणी, कढव. पाकिटावर सुओलातोन, म्हणजे बिनमिठाचं, आहे ना बघ. मिठाचं घेतलंस तर मीठ बेरीत उतरतं, मग बेरी खाववत नाही. आणि ‘वोई सिसॅल्तॅ’ असं दिसलं तर तिथं लोणी नाही. ते ‘असू शकतं’ असं क्रियापद आहे.

तुझी,
अनघा