पृथ्वीसाठी 200ने गुणायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्हाला आठवतही नसेल. व्याख्यानासाठी केलेला एक आलेख मी तुम्हाला तपासायला पाठवला होता. आडव्या अक्षावर इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा परिभ्रमणकाळ (एका फेरीला लागणारा वेळ), उभ्या अक्षावर सापडलेल्या ग्रहांची संख्या, आणि खाली माझं ठणठणीत वाक्य: 'सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती ग्रह ताऱ्याला चिकटूनच राहतात.' तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: "तुम्ही ग्रह मोजलेत की अधिक्रमणं?"

दोन दिवस मला राग होता, हे आज कबूल करतो. तिसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजे अधिक्रमण करताना दिसायचा, तर त्याची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत यायला हवी. पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागावर फिरणाऱ्या ग्रहाच्या बाबतीत ही शक्यता दहात एक. पृथ्वीइतक्या अंतरावर ती उतरते दोनशेत एकवर. म्हणजे तिथला एक ग्रह दिसला, तर न दिसलेले जवळजवळ दोनशे त्याच्यामागे उभे! शिवाय पृथ्वीएवढ्या ग्रहामुळे ताऱ्याचा प्रकाश दहा हजारात जेमतेम एका भागाने कमी होतो. केप्लर दुर्बिणीने चार वर्षं सुमारे दीड लाख ताऱ्यांवर नजर ठेवली. वर्षाला एकदा येणारी प्रकाशातली असली बारीक घट त्या काळात तीन-चारदाच मिळणार. ही गणितं मला येत होती, पण आलेख काढताना एकदाही आठवली नाहीत.

नंतर तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक ग्रहाला त्याचं वजन दिलं, म्हणजे एक दिसला तर त्याच्यामागे किती असतील त्या आकड्याने गुणलं, आडवा अक्ष लॉग पट्टीवर (समान अंतरावर दुप्पट होत जाणाऱ्या आकड्यांवर) नेला आणि चित्रच पालटलं. लहान ग्रहांची संख्या 10 दिवसांपर्यंत चढत जाते आणि मग जवळपास सपाट होते. 10 ते 20 दिवस, 20 ते 40, 40 ते 80, प्रत्येक टप्प्यात साधारण सारखेच ग्रह. 1995 साली सापडलेल्या 51 पेगासी बी या 4.2 दिवसांत फेरी मारणाऱ्या ग्रहामुळे माझ्या डोक्यात ठसलेले 'उष्ण गुरू', म्हणजे ताऱ्याच्या अगदी जवळ फिरणारे महाकाय ग्रह, तर शंभरात जेमतेम एका ताऱ्याभोवती! सापडायला सोपे, म्हणून आधी सापडले. खरे महाकाय ग्रह बहुतेक बाहेरच्या बाजूला, पृथ्वीच्या कक्षेपलीकडे, तेही दहातल्या एखाद-दुसऱ्या ताऱ्याभोवती. आपला गुरू सूर्याला सेकंदाला फक्त साडेबारा मीटरने हलवतो आणि एका फेरीला बारा वर्षं घेतो. ताऱ्याच्या अशा हलण्यावरून असे ग्रह टिपायला अख्खी कारकीर्द जाते, हे तुमच्याहून चांगलं कोण जाणतं?

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते बुधाच्या कक्षेच्या आतल्या जागेने. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या ताऱ्यांभोवती तिथे पृथ्वीहून मोठा आणि नेपच्यूनहून लहान असा एखादा तरी ग्रह असतो. केप्लर-11 या ताऱ्याच्या सहापैकी पाच ग्रह तेवढ्याच जागेत दाटीवाटीने बसले आहेत. आपल्याकडे तिथे काहीच नाही. सूर्यमालेला नमुना धरून बाकीच्यांना विचित्र म्हणणारा मी, आपणच अपवाद असू शकतो हे ऐकून थोडा ओशाळलो.

ग्रहांची सूर्यापासूनची अंतरं आकड्यांच्या एका मालिकेत बसवणाऱ्या टिटियस-बोडेच्या नियमाची चौकट व्याख्यानातून काढायला लावलीत, त्याबद्दल वेगळे आभार. युरेनसला लागू पडलेला तो आकड्यांचा खेळ नेपच्यूनला पृथ्वी-सूर्य अंतराच्या 38.8 पटीवर बसवतो आणि नेपच्यून असतो 30 पटीवर. तरी मी तो 'निसर्गाचा नियम' म्हणून मोठ्या अक्षरांत छापणार होतो!

नवा आलेख सोबत जोडतो आहे. एक वर्षाच्या जवळची, पृथ्वीएवढ्या ग्रहांची चौकट मी फिकट रंगाने भरली आहे, कारण तिथे मोजलेले ग्रह इतके थोडे की गुणाकाराला आधारच उरत नाही. या वेळी खाली वाक्य लिहिलेलं नाही. सवड झाली की बघा, आणि कुठे वजन चुकलं असेल तर तसाच एका ओळीचा प्रश्न पाठवा.

तुमचा,
अधिक्रमणं मोजून ग्रह मोजले असं समजणारा