कादंबरी २१ तासांची, मालिका १०० तासांची

संपादक महोदय,

ऐतिहासिक कादंबरीवर मालिका आली की ती मूळ कृतीशी इमान राखते का, यावर वाद रंगतो. आधी साधा हिशेब करावा. ५०० पानांची कादंबरी मोठ्याने वाचली, पानाला अडीच मिनिटे धरली, तर सुमारे २१ तासांत संपते. आठवड्याला सहा भागांची मालिका वर्षाला ३०० भाग करते. जाहिराती आणि मागच्या भागाची उजळणी वगळून भागाला २० मिनिटे धरली तरी १०० तास होतात. म्हणजे जवळजवळ ८० तास कादंबरीकाराचे नसतातच, नाव मात्र त्याचे लागते.

हे ८० तास भरायला सर्वांत सोयीचा असतो कायमचा खलनायक. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या चरित्रातले त्यांचे काका राघोबादादा पाहा. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवराव स्वतः काकांच्या स्वाधीन झाले. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनावर काका-पुतणे निजामाविरुद्ध एकाच बाजूने लढले. १७६८ मध्ये धोडपला पुतण्याने काकांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. आदर, गरज, संशय, संताप हे सगळे सहा वर्षांत घडले. पहिल्याच भागात राघोबांच्या तोंडावर कपट रंगवले, की राक्षसभुवन समजतच नाही. मालिकेचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. पगडीचा घाट चुकला त्याने फार बिघडत नाही.

दुसरी अडचण मनोगताची. कादंबरीत पात्र पानभर मनाशी बोलते. पडद्यावर ते कोणाला तरी सांगावे लागते, म्हणून दासी किंवा विश्वासू सेवक निर्माण होतो. पुढे तोच दारामागून ऐकू लागतो आणि कारस्थानाचा धागा बनतो.

भाषेचेही तसेच. पेशवेकालीन पत्रांत मसलत, रवानगी, बंदोबस्त असे शब्द सहज येतात. मालिकेत पेशवे संस्कृतप्रचुर बोलतात आणि हुजरे आजचे मराठी.

सुरुवातीच्या 'केवळ मनोरंजनासाठी' या पाटीने प्रेक्षकाला काहीच कळत नाही. भागाच्या शेवटी कोणता प्रसंग कागदपत्रांतला, कोणता कादंबरीतला आणि कोणता मालिकेने घातलेला, एवढे तीन ओळींत दाखवावे. आणि मुळात तासाभराचे २६ भागच करावेत. प्रत्येकी ४५ मिनिटे मजकूर धरला तर साडेएकोणीस तास होतात. थोडी काटछाट केली की ५०० पाने त्यात नीट बसतात.

– एक वाचक